डोळ्याचे दुखणे आणि एचआयव्हीची तपासणी: केव्हा करावी, कशी करावी

कोल्हापूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे काम केले. त्या काळात एचआयव्हीच्या संदर्भात दोन प्रकारची माणसे माझ्यासमोर बसली. एक, ज्यांचे डोळे साध्या साथीने आलेले असत, पण रात्रभर मोबाईलवर लक्षणे वाचून ज्यांच्या तोंडचे पाणी पळालेले असे. दुसरी, ज्यांच्या डोळ्याला खरोखरच रक्त तपासण्याजोगे दुखणे झालेले असे, परंतु त्यांच्या किंवा त्यांना तपासणाऱ्यांच्या मनात ती शंका शिवलेलीही नसे. पहिल्या प्रकारच्या माणसाला बहुधा दोन वाक्यांत धीर देऊन घरी पाठवता येते. नुकसान होते ते दुसऱ्याचे, आणि हे मार्गदर्शन मुख्यतः त्याच्यासाठी व त्याच्या घरच्यांसाठी लिहिले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. डोळा पाहून कोणालाही एचआयव्हीचे निदान करता येत नाही, मग तो कितीही मोठा नेत्रतज्ज्ञ असो. निदान रक्ताच्या तपासणीनेच होते. संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ असा त्रास होतो आणि तो आपोआप ओसरतो. त्यानंतर उपचाराविना साधारणपणे आठ ते दहा वर्षे माणूस वरवर ठणठणीत राहू शकतो. या काळात विषाणू शरीरातील सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशी हळूहळू संपवत असतो. निरोगी प्रौढ माणसात या पेशी रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये ५०० ते १५०० च्या दरम्यान असतात. डोळ्याचे कोणते दुखणे केव्हा उद्भवते, हे पुष्कळ अंशी या संख्येवर अवलंबून असते. म्हणूनच 'डोळ्यातील सुरुवातीची लक्षणे' हा शब्दप्रयोग थोडा जपून वापरावा लागतो, कारण पुस्तकांत ठळकपणे दिलेली बहुतेक नेत्रलक्षणे ही उशिराची असतात आणि खरोखर लवकर दिसणारी मोजकीच आहेत.

त्या मोजक्यांत पहिला मान नागिणीचा.

कपाळावरची नागीण

लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या शरीरात तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये आयुष्यभर निद्रिस्त राहतो. वय वाढल्यामुळे, मधुमेहामुळे, कर्करोगावरील औषधांमुळे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यामुळे किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की तो पुन्हा जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या पट्ट्यात पाण्याने भरलेले फोड उठतात. हीच नागीण. ती छातीवर किंवा कमरेवर उठली तर वेदना असह्य असतात, परंतु डोळ्याला धोका नसतो. ती कपाळावर, पापणीवर आणि नाकाच्या एका बाजूला उठली, तर डोळ्याकडे जाणारा मज्जातंतूच बाधित झालेला असतो, आणि उपचार न मिळालेल्या अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या डोळ्याला इजा होते.

नागीण एचआयव्हीच्या बऱ्याच लवकरच्या टप्प्यावर, म्हणजे सीडी-४ पेशी अजून पुरेशा असताना आणि माणूस कामाला जात असताना उठू शकते. साठीच्या पुढच्या माणसाला नागीण झाली तर वय हेच पुरेसे कारण असते. पन्नाशीच्या आतील माणसाला, विशेषतः विशी-तिशीतील तरुणाला कपाळावर नागीण उठली, तर मात्र रक्तातील साखरेबरोबरच एचआयव्हीची तपासणी केलीच पाहिजे. ठणठणीत तरुणालाही नागीण होऊ शकते, त्यामुळे तपासणीचा निकाल दोन्हीपैकी कोणताही येऊ शकतो.

आपल्याकडे नागिणीचे पहिले औषध अजूनही काव असते. गावातील जाणता माणूस फोडांभोवती कावेचा लेप देतो, कोणी मंत्र टाकतो, आणि 'नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो' ही भीती घरातल्या साऱ्यांना सांगितली जाते. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, मधल्या रेषेपर्यंतच उठते, कारण मज्जातंतूचा पट्टा तिथेच संपतो. तोंड आणि शेपूट मिळण्याचा प्रसंग त्यामुळे सहसा येतच नाही, आणि म्हणून लेप देणाऱ्याला यशही हमखास मिळते. लेपावर माझा राग नाही. त्यात जे दिवस जातात त्यांच्यावर आहे. असायक्लोव्हिरसारखे विषाणूविरोधी औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. प्रौढांना ते साधारणपणे ८०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस असे दिले जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ७२ तास उलटून गेले असतील तरीही डोळा दाखवायला जावेच. उशीर झाला म्हणून उपचार निरुपयोगी ठरत नाहीत.

घरच्यांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. रुग्णाला उजेडात बसवून त्याच्या नाकाचा शेंडा आणि नाकपुडीची बाजू नीट निरखावी. तेथे एखादा जरी फोड असेल, तर डोळ्याच्या आतील भागाला संसर्ग पोहोचण्याची शक्यता बरीच वाढते, कारण नाकाच्या शेंड्याला आणि बुबुळाला संवेदना पुरवणारी मज्जातंतूची शाखा एकच आहे. नाकावरच्या अशा फोडाला वैद्यकशास्त्रात हचिन्सनची खूण म्हणतात. अशा रुग्णाने त्याच दिवशी नेत्रविभाग गाठावा. नाकावर फोड नाही म्हणून निश्चिंत मात्र राहू नये, कारण त्याशिवायही डोळा बाधित होतो.

या खुणेपाशी माझी स्वतःची एक चूक सांगणे मला भाग आहे. भोगावतीच्या खोऱ्यातील एक तिशीतला ट्रॅक्टरचालक सहाव्या दिवशी माझ्याकडे आला होता. कपाळावर काव वाळून तिला भेगा पडल्या होत्या आणि डावी पापणी इतकी सुजली होती की ती दोन बोटांनी उघडावी लागली. ओल्या कापसाने काव पुसता पुसता खालचे फोड दिसू लागले, आणि नाकाच्या शेंड्यावर मोहरीएवढा एक. मी डोळ्यात जखम रंगवून दाखवणारी फ्लोरोसीनची पट्टी टेकवून निळ्या उजेडात बुबुळावरची जखम पाहिली, डॉक्टरांना दाखवली, औषधे सुरू झाली आणि डोळा वाचला. त्याची पत्नी शेजारी उभी होती. तिने विचारले, "मॅडम, एवढ्या तरण्या माणसाला हे कशानं झालं ओ?" मी म्हणाले, "होतं कधीकधी." रक्त तपासा, असे मी म्हणाले नाही. शिमग्याचे दिवस होते, बाहेर रांग होती आणि तो विषय काढणे अवघड वाटले. सुमारे दोन वर्षांनी तोच माणूस उजव्या डोळ्याने दिसेनासे झाले म्हणून आला, तेव्हा त्याच्या सीडी-४ पेशी ५० च्याही खाली गेल्या होत्या आणि त्या डोळ्याचा पडदा विषाणूने बराचसा खाल्लेला होता. तो आज उपचारांवर आहे आणि डाव्या डोळ्याने ट्रॅक्टरची दुरुस्ती करतो. त्या दिवशीचे "होतं कधीकधी" मी पुन्हा कोणाला म्हटलेले नाही.

आणखी कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे

शेतात आयुष्य गेलेल्या माणसांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांस वाढलेले आपण नेहमी पाहतो. ते त्रिकोणी असते, वर्षानुवर्षे सावकाश सरकते आणि ऊन, धूळ, वारा ही त्याची कारणे असतात. त्यासाठी एचआयव्हीची काळजी करण्याचे कारण नाही. परंतु बुबुळाच्या कडेला उंचावलेली, बुळबुळीत किंवा पांढुरकी गाठ काही महिन्यांतच वाढू लागली आणि तिच्याकडे जाड लाल रक्तवाहिन्या धावताना दिसल्या, तर ती पृष्ठभागावरील कर्करोगाची सुरुवात असू शकते. वृद्धांमध्ये या आजाराला उन्हाचा दोष देता येतो. चाळिशीच्या आतील माणसात मात्र एचआयव्हीची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनेकांच्या बाबतीत ही गाठ म्हणजेच त्या संसर्गाची पहिली जाहीर खूण ठरलेली आहे. काढलेली गाठ फेकून न देता सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवली आहे ना, हे रुग्णाने आवर्जून विचारावे.

पापण्यांवर मोत्यासारखे, मध्यभागी खळी असलेले बारीक दाणे लहान मुलांना पुष्कळदा होतात आणि जातातही. प्रौढाच्या चेहऱ्यावर व दोन्ही पापण्यांवर ते दहा-वीसच्या संख्येने उठले आणि काढूनही पुन्हा येत राहिले, तर प्रतिकारशक्ती खालावल्याचा संशय घ्यावा. रांजणवाडीचा आणि याचा संबंध नाही. रांजणवाडी दुखते आणि पिकते, हे दाणे दुखत नाहीत.

डोळ्याच्या आतील भागाला येणारी सूज हा अधिक गुंतागुंतीचा विषय आहे. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, खोलवर ठणका लागतो, दृष्टी धुरकट होते, पण चिपडे फारशी येत नाहीत. साथीच्या डोळ्यांत नेमके उलट असते: चिपडे आणि खाज भरपूर, दृष्टी मात्र शाबूत. आतील सुजेची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी क्षयरोग आणि उपदंश म्हणजे गरमी ही दोन एचआयव्हीच्या संगतीने येणारी आहेत. उपदंश आणि एचआयव्ही यांचा मार्ग एकच असल्यामुळे एक सापडला की दुसऱ्याची तपासणी करणे हा नियमच आहे. उपदंश पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो, परंतु डोळ्यात उतरलेल्या उपदंशाला एका इंजेक्शनवर भागवता येत नाही. शिरेतून दहा ते चौदा दिवस औषध द्यावे लागते. सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक' या नावाच्या विभागात गुप्तरोगांची तपासणी व उपचार होतात. पाटीवर रोगाचे नाव नसल्यामुळे तेथे जाण्यास कचरण्याचे कारण नाही.

नेत्रपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्यावर, कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे ठिपके दिसणे हे एचआयव्हीमधील सर्वांत अधिक आढळणारे नेत्रलक्षण असल्याचे वाचायला मिळते, आणि ते खरे आहे. परंतु या ठिपक्यांनी रुग्णाला काहीच जाणवत नाही, ते आपोआप विरतात आणि मधुमेह व रक्तदाब यांतही हुबेहूब तसेच दिसतात. साखर आणि रक्तदाब दोन्ही ठीक असलेल्या तरुणाच्या पडद्यावर ते आढळले, तर तपासणाऱ्याने एचआयव्हीचा विचार करावा, एवढाच त्याचा अर्थ. रुग्णाने घरी बसून त्यांची चिंता करण्यात काही हशील नाही.

डोळे कोरडे पडणे, पापणी फडफडणे, चष्म्याचा नंबर वाढणे, उन्हातून आल्यावर डोळे चुरचुरणे यांपैकी कशावरूनही एचआयव्हीचा तर्क करू नये. कोरडेपणा या संसर्गात अधिक आढळतो हे खरे, परंतु तो दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्या कोणालाही होतो.

घरी डोळा कसा तपासावा

दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याचे नुकसान दुसरा डोळा झाकून टाकतो, आणि म्हणून माणसाला ते अनेक महिने कळत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा, एकाच जागी बसून, एकेक डोळा तपासावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून दहा पावलांवर खुर्ची ठेवावी आणि चष्मा असल्यास तो लावूनच बसावे. डावा डोळा तळहाताने झाकावा, बोटांनी दाबू नये, कारण दाबलेला डोळा नंतर काही क्षण धूसरच दिसतो. मोठे आकडे वाचावेत, मग त्यांखालची तिथीची अक्षरे कुठवर वाचता येतात ते पाहावे, आणि तेच दुसऱ्या डोळ्याने करावे. नंतर मुलांची गणिताची चौकटीची वही हातभर अंतरावर धरून मधल्या एका ठिपक्याकडे टक लावावी. रेघा वाकड्या दिसतात का, एखादा चौकोन गायब होतो का, कडेला सावली पडते का, याची नोंद करावी. शेवटी मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहून काळे कण तरंगतात का हे बघावे. एखाद-दुसरा जुना कण बहुतेकांना दिसतो. नवे कण एकाएकी झुंडीने येणे, विजेसारखे चमकणे किंवा कडेने पडदा सरकत येणे, यांपैकी काहीही घडले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

डोळ्याच्या दुखण्याबरोबर दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, ताप, उलटी किंवा एका वस्तूच्या दोन दिसणे असेल, तर नेत्रविभागात रांग लावत बसू नये. थेट अपघात विभागात जावे. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा किंवा क्षयाचा संसर्ग झाल्याचे ते चिन्ह असू शकते आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब मागून आणण्याची सवय आपल्या जिल्ह्यात फार आहे. त्यांतील काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत उतरते आणि माणूस खूश होतो, परंतु बुबुळावर विषाणूची जखम असेल तर ती त्याच थेंबांनी खोल जाते. नेत्रतज्ज्ञही कधीकधी स्टेरॉइड देतात, पण जखम पाहून, मोजून आणि दर दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासून. मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

नेत्रविभागात जाताना

पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. त्यांनी चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन डोळ्यांत खुपते. राधानगरी, गारगोटी, चंदगडकडून एसटीने येणाऱ्यांनी सोबत कोणीतरी आणावे, मोटारसायकल स्वतः चालवत येऊ नये आणि गॉगल किंवा टोपी जवळ ठेवावी. सध्या घेत असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत टाकून न्याव्यात. नावे आठवत बसण्यापेक्षा पाकिटे दाखवणे सोपे असते.

एचआयव्हीची शंका असेल किंवा संसर्ग आधीच ठाऊक असेल, तर ते तपासणाऱ्याला सांगावे, कारण त्यानुसार पडद्याचा कोणता भाग अधिक बारकाईने पाहायचा हे ठरते. सर्वांसमोर सांगणे जड वाटत असल्यास 'दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे' एवढे म्हणावे. अंधाऱ्या खोलीत तपासणी चालू असताना ते सांगणे सर्वांत सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. तोंड दिसत नसले की माणूस मोकळा होतो.

रक्ताची तपासणी

"डोळ्याचं दुखणं, मग रक्त कशाला काढताय?" हा प्रश्न रुग्ण विचारणारच, आणि त्याला तो हक्कही आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. त्यानुसार माणसाला माहिती देऊन त्याची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि संसर्ग आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ही तपासणी सर्रास केली जाते, आणि 'सगळे रिपोर्ट काढा' या एका वाक्यात संमती उरकली जाते, हे मी पाहिलेले आहे. एका खाजगी रुग्णालयात तर केसपेपरवर लाल शाईने मोठे अक्षर लिहिलेले पाहिले, आणि त्या रुग्णाला आपला निकाल वॉर्डातील झाडूवाल्याकडून कळला. असे घडले तर ते निमूट सोसू नये, लेखी तक्रार करावी.

तपासणीसाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, ज्याला सारेजण आयसीटीसी म्हणतात. कोल्हापुरात टाउन हॉलसमोरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, हे केंद्र आहे. तालुक्याच्या ठिकाणची उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयेही जवळ पडतात. तपासणी मोफत असते. आधी समुपदेशक बोलतात, मग संमती घेऊन थोडे रक्त घेतले जाते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी, ज्याचा त्याच्याच हातात मिळतो. पहिली चाचणी निगेटिव्ह आली की काम संपते. ती रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी आली, तर वेगळ्या तत्त्वावरच्या आणखी दोन चाचण्या करूनच निदान पक्के केले जाते. खाजगी प्रयोगशाळेत एकाच चाचणीवर मिळालेला पॉझिटिव्ह कागद घेऊन कोणीही मनाने खचू नये, तो येथे पडताळून घ्यावा.

संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. शंकास्पद संबंध अलीकडचाच असेल आणि पहिली चाचणी निगेटिव्ह आली, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. प्रत्यक्ष जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटल्यास १०९७ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

नवरा-बायकोंपैकी एकाचेच रक्त तपासून थांबणे ही नेहमीची चूक आहे. त्या ट्रॅक्टरचालकाच्या पत्नीची तपासणी त्याच्याबरोबरच झाली आणि ती निगेटिव्ह आली. ती निगेटिव्हच राहिली, कारण त्यानंतर त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही, हे आता पक्के सिद्ध झालेले आहे.

येथेच एका गैरसमजाचा निकाल लावावा. अश्रूंमधून, रुमालातून, एकाच गॉगलमधून किंवा साथीच्या डोळ्यांमधून एचआयव्ही पसरत नाही. रक्त डोळ्यात उडाले तर मात्र थोडा धोका असतो. सुईण, परिचारिका, प्रयोगशाळेतील कर्मचारी यांच्या बाबतीत असे घडल्यास डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा, साबण वापरू नये आणि शक्य तितक्या लवकर, कमाल ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्यात. त्या २८ दिवस घ्याव्या लागतात.

संसर्ग असल्याचे कळल्यानंतर डोळ्यांची काळजी

भारतात २००४ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असले तरी निदान होताच त्या सुरू केल्या जातात. डोळ्यांचे सर्वांत चांगले औषधही याच गोळ्या आहेत. एआरटी येण्यापूर्वी एड्सच्या जवळजवळ तीस टक्के रुग्णांना सायटोमेगॅलो विषाणूमुळे नेत्रपटलाचा दाह होत असे आणि अनेकजण आंधळे होत. आज तो प्रामुख्याने ज्यांचे निदान उशिरा झाले किंवा ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांच्यातच दिसतो. तो सीडी-४ पेशी ५० च्या खाली गेल्यावर येतो, त्यात डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, आणि म्हणूनच तो फसवा आहे. कडेपासून पडदा गळत जातो आणि माणसाला वाटते की चष्म्याचा नंबर वाढला असेल. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या आणि डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने यांनी तो थांबवता येतो, मात्र गेलेला भाग परत येत नाही.

त्यामुळे निदानाच्या वेळी पेशी ५० च्या खाली असतील, तर काहीही त्रास नसला तरी थेंब घालून पडदा पाहून घ्यावा आणि पेशी वाढेपर्यंत दर तीन महिन्यांनी ते करत राहावे. पेशी चांगल्या वाढल्यानंतर वर्षातून एकदा पुरते.

गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी डोळा एकाएकी धुरकट झाला, तर 'औषध बाधले' असे समजून ते बंद करण्याचा मोह होतो. ज्यांच्या डोळ्यात पूर्वी हा दाह होऊन गेला आहे त्यांच्यात, प्रतिकारशक्ती परतू लागली की ती जुन्या जखमेवर तुटून पडते आणि आतून सूज येते. तिचे उपचार वेगळे आहेत, त्यासाठी एआरटी मनाने थांबवू नये.

क्षयरोगाचेही उपचार चालू असतील, तर आणखी एक तपासणी घरी ठेवावी. त्या गोळ्यांतील इथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करते, आणि त्याची चाहूल रंगांवरून लागते. एखादी लाल वस्तू, मग ती कुंकवाची डबी असो वा तिखटाची पुडी, एकेका डोळ्याने पाहावी. एका डोळ्याला ती विटकी किंवा तपकिरी दिसू लागली, किंवा दोन्ही डोळ्यांना पूर्वीपेक्षा फिकी वाटू लागली, तर पुढील हप्त्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. औषध वेळीच बदलले तर बहुतेकांची दृष्टी सुधारते. माझ्याकडे येणाऱ्या एक आजीबाई गुळाच्या ढेपेकडे पाहून हे करत असत. लाल वस्तू घ्या, असे मी कितीदा तरी सांगितले, पण गुळाचा रंग आपल्याला अधिक ओळखीचा आहे हे त्यांचे म्हणणे शेवटी मला मान्य करावे लागले.